संध्याकाळी सातचा तुझा फोन

शमीम,

तू गेल्याचा चाळिसावा दिवससुद्धा अजून व्हायचाय आणि मी तुझ्यावर जळतेच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलणारे तुला पुष्कळ आहेत, त्यांची तुला कधीच वाण नव्हती. त्या दिवशी भोरच्या एसटी स्टँडपासून तुमच्या गल्लीपर्यंत माणसं उभी होती. वेल्ह्याकडच्या वस्त्यांवरून टेम्पो भरून बाया आल्या होत्या. ती गर्दी बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मी मेले तर यातली निम्मी तरी येतील का? मैत्रीण दारात कायमची निजलेली आणि मी हा विचार करत होते.

त्यात माझी आई. तिला मी आंबवड्याहून घेऊन आले होते, म्हटलं दोन मिनिटं बसेल आणि निघू. ती तुझ्या अम्मीच्या गळ्यात पडून अशी रडली की शेजारच्या बाईनं मला विचारलं, "या शमीमच्या कोण?" माझे बाबा गेले तेव्हा हीच बाई पदर तोंडात धरून गप्प बसली होती. आणि तुझ्यासाठी तिनं हंबरडा फोडला. मी तिच्या चपला हातात घेऊन दाराशी उभी होते. कोणाच्या बरोबर आलात, असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

जळण्याची सुरुवात जुनी आहे. आपण दोघी भोरच्या त्या दवाखान्यात एकाच वर्षी लागलो. मी कॉम्प्युटरवर, तू पेशंटशी बोलायला. बीपीची गोळी लोक चार दिवस घेत आणि बरं वाटलं की सोडून देत, म्हणून डॉक्टर वैतागले होते. गावोगाव मोबाईलचे टॉवर नुकतेच उभे राहत होते. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरनंच रोज संध्याकाळी सात वाजता पेशंटला फोन लावावा, भरून ठेवलेला आवाज ऐकवावा, आणि गोळी घेतली असेल तर पेशंटनं एक नंबरचं बटण दाबावं, नसेल तर दोन. तो प्रोग्राम मी लिहिला. आणि पहिला आवाज माझाच होता. हे आता कुणाच्या लक्षात नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आपण शाळेतही एकाच वर्गात होतो, आणि वक्तृत्वाची बक्षिसं मी मिळवायचे. तू बोलायला उभी राहिलीस की वाक्य अर्ध्यात सोडून हसत सुटायचीस. त्यामुळे आवाज कुणाचा, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मागच्या खोलीत पंखा बंद करून, घाम पुसत, मी एकेक शब्द मोत्यासारखा उच्चारून भरला. "नमस्कार. ही आपल्या आरोग्यासाठी सूचना आहे."

मग तू त्या फोनची चाचणी घ्यायला निघालीस. चाचणी हा शब्द तुला फार आवडायचा. मला वाटायचं, प्रोग्राम चालतो की नाही ते मी इथे बसून तपासलंय, आता काय बघायचं राहिलं? तू म्हणालीस, "यंत्र चालतं ते तू बघितलंस. माणूस चालतो का, ते बघायला जायचंय." हट्टानं मलाही ओढून नेलंस. मार्गासनीच्या पुढे, वरच्या अंगाला, आपले पेशंट धोंडीमामा यांच्या वस्तीवर. मामांची मेंढरं नुकतीच वाड्यात शिरली होती. फोन वाजला, मामांनी कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि शांतपणे फोन मामींच्या हातात दिला.

"बातम्या लागल्यात वाटतं," मामा म्हणाले. "तुला आयकायच्या असल्या तर आयक."

तू ओढणीत तोंड खुपसून हसलीस. मी तुझ्याकडे बघितलंही नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होते आणि तू समजूत घालत होतीस, "मंदे, अगं आवाज चांगलाच आहे तुझा, फक्त तो सगळ्यांशी एकदम बोलतोय." ही समजूत होती की डागणी, ते तुझं तुलाच माहीत.

दुसरा आवाज तुझा भरला. मी म्हटलं होतं, सराव कर, लिहून घे. तू काहीच केलं नाहीस. चहाचा कप हातात धरून बोललीस. "मी दवाखान्यातली शमीम बोलतेय. जेवण झालं का?" मग थोडी थांबलीस. "तब्येत कशी आहे?" परत थांबलीस. नाकातला आवाज, वाक्याच्या शेवटी दम लागलेला, मागे कुठेतरी कपबशी वाजलेली. मी ती कपबशी काढून टाकणार होते. तू म्हणालीस, राहू दे.

लोकांनी तो आवाज डोक्यावर घेतला. वरव्याच्या एका बाईनं दवाखान्यात येऊन विचारलं, "ती सातला फोन करती ती पोर कोनती?" तुला बघून तिनं तुझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी शेजारीच उभी होते. फोन लावणारं सगळं गाडं मी उभं केलं होतं, पण गाड्यासाठी कोण बोटं मोडतंय?

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. पण तू माझ्या आईपर्यंत पोचलीस.

आईलाही बीपी होता, तीही त्या फोनच्या यादीत होती. महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी "प्रतिसाद नाही" असे पेशंट वाचायला घेतले आणि त्यात पहिलंच नाव माझ्या आईचं. घरात गोळ्यांची पाकिटं रिकामी होत होती, आणि कॉम्प्युटर म्हणत होता की ही बाई बटणच दाबत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी जाऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. फोन वाजला, तिनं उचलला, "बरी हाय गं, तू जेवलीस का?" असं म्हणाली आणि कान देऊन बसली. मी ओरडले, "आई, एक दाब! एक!" तिनं दचकून फोनच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तू आंबवड्याला आलीस. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलीस, आईच्या हातातला पोह्यांचा घास संपेपर्यंत काही बोलली नाहीस, आणि मग मला म्हणालीस, "मंदे, तू जरा बाहेर जा."

माझं घर. माझी आई. आणि मला बाहेर जा! चाचणीत नातेवाईक समोर नको असतो, हे मलाही ठाऊक होतं. तरी अंगणात उभी राहून मी जळफळत होते. आत फोन वाजला. मग आईचा हसण्याचा आवाज आला. ती तशी हसते हे मी विसरले होते. कोंबड्यांना उगाच हुसकत मी दाराभोवती घिरट्या घालत राहिले, आणि तुम्ही दोघी बोलत राहिलात. फोन तर केव्हाच बंद झाला होता.

बाहेर येऊन तू सांगितलंस ते इतकं साधं होतं की मला रागच आला. आई तुला म्हणाली होती, "आगं, बाई बोलतीया आन् म्या मदीच बटन दाबू? तोंडावर दार लावल्यागत व्हतंय ते. तिचं बोलून तरी व्हऊ दे." आणि आवाज थांबला की तिला वाटायचं, आता आपण बोलायचं. ती बोलायची, तोवर कॉम्प्युटर वाट बघून फोन कापायचा. एकटी आईच नाही, निम्म्या वस्त्या तेच करत होत्या. तू पुन्हा मागच्या खोलीत बसलीस आणि शेवटी एक वाक्य वाढवलंस, "माझं बोलून झालं. आता खुशाल बटण दाबा, मला राग नाही यायचा." त्या महिन्यापासून डॉक्टर मीटिंगमध्ये हसायला लागले. आईसुद्धा सगळं ऐकून घ्यायची, सगळ्याला उत्तरं द्यायची आणि मग अगदी हलक्या बोटानं एक दाबायची.

मी तुला विचारलं होतं, एवढा वेळ आत काय बोलत होतात? तू म्हणालीस, "काही नाही, असंच." ते 'असंच' काय होतं, ते मला पुढच्या चतुर्थीला कळलं. मी खिचडी खात होते, आई भगर. सातला फोन आला, आणि आईनं तो कानापासून लांब धरला होता म्हणून तू मला न सांगता भरलेलं नवं वाक्य मलाही ऐकू आलं. "आज चतुर्थी. बीपीची गोळी उपासाला चालते हं."

माझा घास हातात राहिला. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आई गोळी घेतच नव्हती. उपासाला चालत नाही म्हणून. पाकिटातली गोळी काढून ती तुळशीत टाकायची, म्हणजे मला कळू नये. वर्षानुवर्षं पाटाला पाट लावून जेवणारी मी, मला हे माहीत नव्हतं. आणि रोजे धरणाऱ्या तुला ते एका संध्याकाळी कळलं.

तेव्हाचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, शमे. दवाखान्याच्या जिन्यात मी तुला धरलं. "माझ्या घरातली गोष्ट, मला सांगायला काय झालं होतं?" तू शांतपणे म्हणालीस, "चाचणीला बसलेलं माणूस घरातलं नसतं. जे सांगतं ते विश्वासानं सांगतं." मी म्हटलं, "ती माझी आई आहे." मग तू माझ्याकडे न बघता बोललीस, "तिनंच सांगितलं, मंदीला सांगू नको, ती वरडंल."

मग मी दुसरीच काठी उचलली. म्हटलं, तू लोकांना फसवतेस. यंत्राच्या तोंडून जेवण झालं का विचारतेस आणि उत्तर कुणीच ऐकत नाही. म्हाताऱ्या माणसांना खोटी माया दाखवणं हे बरं नाही. तू तेव्हा पहिल्यांदा चिडलीस. "जेवलात का, असं विचारणारे सगळे कुठे उत्तर ऐकायला थांबतात? विचारलं तरी बरं वाटतं माणसाला." मी म्हटलं, नाही पटत. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आपण हे पुढे कधीतरी सावकाश भांडणार होतो, रमजान झाल्यावर, तुझ्या घरी शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन. दर वर्षी तू बोलवायचीस आणि दर वर्षी भांडण विसरून आपण दुसरंच काहीतरी बोलत बसायचो.

आणि हो, रमजानात तू आमच्या गावाकडे चाचणीला आलीस की आई तुझ्या पिशवीत थालीपीठं बांधून द्यायची, रोजा सोडायला. लोण्याचा गोळा वेगळा, केळीच्या पानात. मला डब्याला रोजची चपाती-भाजी. सांगते ना, मी काही उगाच जळत नव्हते.

पण एक गोष्ट तोंडानं कबूल केली नाही ती आता करते. त्या चतुर्थीनंतर आईचा बीपी ताब्यात आला. डॉक्टर म्हणाले होते, असंच राहिलं असतं तर एखाद्या दिवशी अर्धांगवायूनं पडली असती. माझी आई आज आपल्या पायानं विहिरीवर जाते ती तुझ्यामुळे. मी तुझे आभार मानायला पाहिजे होते आणि मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला. तू रोज माझ्या टेबलावर चहा ठेवून जात होतीस. मी तो पीत होते, पण बोलत नव्हते.

मग यंदा तुला ताप आला, चार दिवस म्हणता म्हणता पुण्याला नेलं, आणि तिथून तू आलीस ती तशी.

त्या संध्याकाळी फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही तुमच्या घरून आंबवड्याला परतलो, आईनं आंघोळ केली, चुलीपुढे बसली, आणि सात वाजता फोन वाजला. मी धावले, पण तिनं उचलला होता. "मी दवाखान्यातली शमीम बोलतेय. जेवण झालं का?"

"कुठलं जेवान गं पोरी," आई म्हणाली. गोळी तिच्या मुठीत विरघळून गेली.

यंत्र आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला म्हणाली, "मला काय येडी समजतीस व्हय? पन आवाज तर तिचाच हाय न्हवं?" फोन थांबवले तर सगळ्यांच्याच गोळ्या सुटतील म्हणून मी ते चालूच ठेवले. दुसऱ्या दिवशीपासून सात वाजले की ती मोबाईल उशीखाली घालून मागच्या दारी जाऊन बसायची. गोळीचं नाव काढलं की, "घीन मंग." घ्यायची नाही. मी हातावर ठेवली तर तोंड फिरवायची. आठवड्यानं दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी बीपीचा पट्टा दोनदा बांधून बघितला आणि मलाच झापलं. त्याच सकाळी धोंडीमामा वेल्ह्याच्या गाडीनं आले होते. बाकड्यावर काठी टेकून बसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, पोरगी गेली न्हवं? मंग ह्यो फोन कोन करतंय? आमच्या घरात बाया भ्यात्यात. आन् म्या रडतुया, ते येगळंच."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मंदाताई, आवाज बदलायला पाहिजे."

मी या वाक्याची किती वर्षं वाट बघितली असेल! आणि ते आलं तेव्हा मला डॉक्टरांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तरीही आईच्या गोळीसाठी मी मागच्या खोलीत गेले. पंखा बंद केला नाही. तुझीच वाक्यं, तुझ्याच थांबायच्या जागा. तुझं शेवटचं वाक्य म्हणताना अडखळले, ते तसंच राहू दिलं. पुन्हा भरण्याची ताकद नव्हती.

चाचणी करायला आता तू नाहीस, म्हणून मीच आईशेजारी बसले. तुझ्यासारखी गप्प. खरं सांगते, शमे, दहावीच्या निकालाला माझं काळीज एवढं धडधडलं नव्हतं. तिनं फोन उशीखाली घातला तर काय करायचं? माझ्या आवाजावर ती गोळी घेणार नसेल, तर तिला वाचवायला माझ्याकडे दुसरं काय होतं?

सात वाजले. फोन वाजला. आईनं तो उशीखाली न घालता उचलला.

"मी दवाखान्यातली मंदा बोलतेय. जेवण झा..."

तिनं एक दाबला, फोन खाली ठेवला, गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्याली.

गोळी पोटात गेली होती, मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या तोंडून निघालं काय, "आई, अगं पुरतं ऐकून तरी घ्यायचंस!"

"तुजं काय आयकायचंय? दिसभर हितंच बडबडतीस की."

"शमीमचं शेवटपर्यंत ऐकायचीस. तिला उत्तरं द्यायचीस. तिच्या बोलण्यात कधी बटण दाबलं नाहीस."

आईनं तांब्या पालथा घातला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणतेय, हिला एवढंही कळत नाही का.

"आगं, ती दुसऱ्याची लेक. दुसऱ्याच्या लेकीचं बोलनं मदीच तोडू व्हय? तिला काय वाटंल? तू माझीच हायस. तुजं तोडलं तर तू कुठं जातीस?"

आणि उठून दिवा लावायला गेली.

ऐकलंस, शमे? तू शेवटपर्यंत पाहुणी होतीस. तिच्यापाशी हक्काचं बोलणं होतं ते माझं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या पुढे गेले, आणि हे तुझ्या नाकावर टिच्चून सांगायला तू नाहीस.